कॅम्पर केलेल्या (झोपण्याजोग्या बनवलेल्या) ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या, व्हॅनमध्ये गादीखालची ओल पुन्हा पुन्हा का येते

लक्षणं ठरलेली असतात. दोन-तीन रात्री सगळं ठीक, मग एका सकाळी गादी उचलली की खालची फळी काळपट आणि ओलसर. मागच्या दाराकडचा कोपरा कुबट वास मारतोय, छताच्या उघड्या पट्ट्यांवर थेंब लटकलेत, काचा आतून घामेजल्यात. पुसायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा निघायचं, आणि आठवड्याभरात तेच. याच टप्प्यावर बरेच जण छताला आणखी जाड फोम चिकटवतात. आजार रेड्याला, औषध पखालीला. फोममुळे तेवढ्या भागाचा गारठा झाकला जातो, पण रात्रभर हवेत सुटणारी वाफ व्हॅनमध्येच राहते. ती पुढची गार जागा शोधते, आणि लोखंडी डब्यात ती सापडतेच.

इथे गृहीत धरलेली बांधणी साधी आहे: मधल्या आणि मागच्या सीट काढलेल्या, बसका पलंग, त्याखाली सामानाच्या पेट्या, भिंतींना पातळ आवरण, एक छोटी दुसरी बॅटरी. नळ नाही, टाकी नाही. अशा व्हॅनमध्ये पाणी यायला दोनच वाटा असतात: आतल्या हवेतून किंवा बाहेरून. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून निदान झाल्याशिवाय सीलंटची नळी उघडूच नका.

आधी हिशोब

झोपलेला माणूस श्वास आणि घाम मिळून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोघं आठ तास झोपले की ६४० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीपेक्षा जास्त. व्हॅनमधली हवा ७ घनमीटर धरा. १५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १२.८ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे अख्ख्या व्हॅनमध्ये ९० ग्रॅम. झोपताना हवा निम्मी भरलेली असेल तर उरली ४५ ग्रॅमची जागा. दोघांच्या श्वासाने ती अर्ध्या-पाऊण तासात संपते. बाकीची रात्र जे सुटतं ते पत्र्यावर, काचेवर आणि गादीखाली जातं.

हवा गार झाली की तिची धारणशक्ती झपाट्याने घटते: २० अंशांना १७.३ ग्रॅम, १० अंशांना ९.४, ५ अंशांना ६.८, शून्याला ४.८. आणि छताचा पत्रा बाहेरच्या हवेइतकाच गार असतो असंही नाही. निरभ्र रात्री तो आकाशाकडे उष्णता फेकत राहतो आणि आसपासच्या हवेपेक्षा काही अंशांनी खाली जातो. पाऊस नसलेल्या स्वच्छ रात्रीनंतर छत जास्त ठिबकतं, याचं कारण हे.

ओल आतली की बाहेरची?

तीन चाचण्या पुरेशा आहेत.

पहिली, रिकाम्या व्हॅनची. व्हॅन पूर्ण वाळवा, पावसात रात्रभर कोणी न झोपता उभी ठेवा. सकाळी ओल दिसली तर गळती आहे. कोरड्या हवेत झोपल्यावरच ओल येत असेल तर ती तुमच्या श्वासाची.

दुसरी, प्लास्टिकची. संशयाच्या जागी पत्र्यावर किंवा जमिनीवर ३० बाय ३० सेंटीमीटरचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने हवाबंद चिकटवा आणि एक रात्र झोपा. थेंब वरच्या, म्हणजे खोलीकडच्या बाजूला असतील तर पाणी हवेतून आलं. थेंब प्लास्टिकखाली असतील तर पाणी खालून येतंय, किंवा खालचं लाकूड अथवा नमदा आधीपासून ओला आहे.

तिसरी, पाण्याच्या नळीची. आतलं आवरण काढा, एक जण टॉर्च घेऊन आत. दुसऱ्याने बाहेरून साध्या धारेने पाणी सोडायचं, दाब न देता, खालून सुरुवात करून वर सरकत, प्रत्येक जागी ५ मिनिटं. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. संशयाच्या सांध्याखाली टाल्कम पावडर भुरभुरली की ओघळ लगेच दिसतो.

आर्द्रतामापक दोन घ्या: एक डोक्याच्या उंचीवर, एक गादीखाली. स्वस्तातल्या मापकांवर डोळे मिटून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलाइतकं ओलं करा, मापकासह हवाबंद डब्यात १० ते १२ तास ठेवा. खोलीच्या तापमानाला आकडा ७५ टक्के यायला हवा. ८१ दाखवत असेल तर त्या मापकातून नेहमी ६ वजा करा.

बाहेरून पाणी येत असेल तर

ज्या व्हॅन चिखल, ओढे आणि बर्फातून नेल्या जातात त्यांच्यात पाणी बहुधा खालून शिरतं, छतातून नाही. लोक मात्र छताचे सांधे भरत बसतात.

सगळ्यात जास्त दुर्लक्षित जागा म्हणजे काढलेल्या सीटच्या बोल्टची भोकं. सीट गेली, बोल्ट डब्यात पडले, आणि आटे उघडे राहिले. काही आटे खालून बंद असतात, काही थेट गाडीच्या पोटात उघडतात. मागच्या चाकांनी उडवलेलं पाणी तिथून वर येतं आणि प्लायवुडखाली पसरतं. त्याच आट्याचे आखूड बोल्ट घ्या, डोक्याखाली पॉलीयुरेथेन सीलंटचा वेढा द्या, आधी हाताने फिरवा. हाताने तीन फेरे जात नसेल तर आटा चुकलाय, पाना लावू नका. लांब बोल्ट तर मुळीच नको. ऑल-व्हील-ड्राइव्हच्या पोटात मागच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट, ती दोन चाकांत वाटणारं मागचं डिफरेन्शियल, इंधनाची टाकी, ब्रेकचे पाईप आणि हँडब्रेकच्या केबली यांची आधीच दाटी असते. याच कारणाने पलंगाचे पाय बसवायला नवी भोकं पाडण्यापेक्षा सीटचेच आटे वापरणं शहाणपणाचं. एकही नवं भोक नाही म्हणजे एकही नवी गळती नाही.

त्यानंतर तळातल्या रबरी बुचांकडे या. गाडी रॅम्पवर घ्या, आतून दिवा लावा, खालून पाहा. जिथून उजेड दिसेल तिथलं बूच गेलंय. दगड लागून किंवा खोल पाण्यातून गेल्यावर ती निघतात. भोकाचा व्यास मोजून त्याच मापाचं नवं बूच बसवा. टेपने झाकलेलं भोक पहिल्या चिखलात उघडं पडतं.

मागच्या बंपरच्या आड, दोन्ही कोपऱ्यांत, बहुतेक व्हॅनमध्ये हवा बाहेर जाण्याच्या झडपा असतात. दार लावताना कानात दडा बसू नये म्हणून. त्यांच्या रबरी पापण्या चिखलाने उघड्या अडकल्या की चाकाचं पाणी आत येतं. उलट बांधणी करताना आतून त्यांच्यावर फोम चिकटवला की हवा कोंडते. बंपर काढा, पापण्या धुवा, वर हलक्या हाताने सिलिकॉन ग्रीस लावा, आणि आतल्या बाजूला निदान तळहाताएवढी मोकळी जागा ठेवा.

टेल लॅम्पची गास्केट, छतावरच्या रेलचे बोल्ट, मागच्या दाराचं रबर आणि दाराच्या आतल्या प्लास्टिकच्या पडद्याची सुटलेली कड, हे नेहमीचे आरोपी. लाइटसाठी बुटाइल टेप, रेलसाठी पॉलीयुरेथेन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्यावर वापरू नका. त्यातून सुटणारं आम्ल गंजाला आमंत्रण देतं, आणि नंतर तिथे रंगही धरत नाही.

दारांच्या तळाची आणि सरकत्या दाराच्या उंबऱ्याची पाणी निघायची भोकं प्रत्येक चिखलाच्या फेरीनंतर मोकळी करा. त्यासाठी प्लास्टिकचा केबल टाय वापरा. स्क्रूड्रायव्हरने रंग आणि आतलं मेण दोन्ही खरवडतं.

मागे वेगळा एसी किंवा हीटर असेल तर अजून दोन शक्यता राहतात. एसी चालवल्यावरच मागे पाणी जमत असेल तर त्याची निचरा नळी तुंबली आहे. ओल चिकट आहे, गोडसर वास येतोय आणि इंजिनच्या कूलंटची पातळी उतरतेय, तर मागच्या हीटरचा होज गळतोय. तिथे ओलीचा विचार थांबवा आणि आधी होज बदला, कारण पुढचा टप्पा इंजिन तापण्याचा असतो.

दमट सकाळी ऑल-व्हील-ड्राइव्हचा आणि एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा एकत्र लागून दुपारी आपोआप विझत असेल, तर तो याच पाण्याचा निरोप असू शकतो. चारही चाकांच्या वेगाची खबर नीट आली नाही की यंत्रणा मागच्या चाकांची ताकद बंद करते. गालिच्याखालचे आणि मागच्या बाजूच्या पॅनलमागचे कनेक्टर उघडून हिरवट बुरशीसारखा गंज दिसतो का पाहा.

आतली वाफ बाहेर काढणं

बाहेर ५ अंश आणि हवा पूर्ण दमट, म्हणजे घनमीटरला ६.८ ग्रॅम. आत १५ अंश ठेवून आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली हवी, म्हणजे ९ ग्रॅम. बाहेर टाकलेली प्रत्येक घनमीटर हवा २.२ ग्रॅम पाणी घेऊन जाते. दोघांचं तासाचं पाणी ८० ग्रॅम. भागाकार केला की ताशी ३६ घनमीटर हवा बदलायला हवी, म्हणजे व्हॅनभर हवा तासातून पाच वेळा. बोटभर उघडी ठेवलेली एकच खिडकी वाऱ्याशिवाय हे करत नाही, म्हणून 'खिडकी उघडी होती तरी ओल आली' ही तक्रार इतकी ऐकू येते.

छत कापायची गरज नाही. १२ सेंटीमीटरचा, १२ व्होल्टचा संगणकातला पंखा घ्या. मोकळ्या हवेत तो ताशी १०० घनमीटरच्या आसपास हवा हलवतो. जाळी आणि पावसाचा आडोसा लावल्यावर निम्मी धरा, तरी पुरते. ०.२ अँपिअर ओढणारा पंखा नऊ तासांत १.८ अँपिअर-तास खातो, छोट्या बॅटरीला ते जाणवतही नाही. मागच्या सरकत्या काचेच्या फटीत बसेल अशी ४ मिलिमीटरची अॅक्रिलिकची पट्टी कापा, तीत पंखा आतल्या बाजूने बसवा, बाहेर खाली तोंड केलेलं आच्छादन आणि डासांची जाळी. वायर १ चौरस मिलिमीटरची, २ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. तोंड बाहेर फेकण्याच्या दिशेने. आत फुंकलात तर दमट हवा दाबाने आवरणामागच्या पोकळ्यांत शिरते, आणि तिथे ती दिसतही नाही.

हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता गुरगुरतो. ताशी ३६ घनमीटर म्हणजे सेकंदाला १० लिटर. सेकंदाला एक मीटर या संथ वेगाने ती यायची तर १०० चौरस सेंटीमीटर जागा लागते: पुढच्या दोन्ही खिडक्या, प्रत्येकी ५० सेंटीमीटर लांबीवर १ सेंटीमीटर उघड्या. वर वायझर (खिडकीवरची प्लास्टिकची पट्टी) असला की पाऊस आत येत नाही. हवा पुढून खाली येते, पलंगावरून जाते आणि मागे वरून निघते. ड्रायव्हरच्या सीटमागे पडदा लावला असेल तर तो जमिनीपासून किमान ५ सेंटीमीटर वर संपवा. उत्तम पंखा आणि उघड्या खिडक्या असूनही ओल येते अशा कित्येक व्हॅनमध्ये दोष निव्वळ या पडद्याचा असतो.

स्वयंपाक आत करत असाल तर हिशोब बिघडतो. एक किलो एलपीजी जळताना साधारण १.६ किलो पाणी तयार होतं. भांड्यातली वाफ वेगळीच. धुराडं नसलेला दीड किलोवॉटचा गॅस हीटर तासाला १८० ग्रॅमच्या आसपास पाणी सोडतो, दोन माणसांच्या दुपटीहून जास्त. कार्बन मोनॉक्साइडचा धोका धरला तर तो झोपायच्या जागेत नकोच. डिझेल हीटरचं धुराडं बाहेर असतं, त्यामुळे तो पाणी वाढवत नाही. पण तो आतलीच हवा फिरवून तापवत असेल तर वाफ बाहेर टाकतही नाही. तो चालू असतानाही पंखा आणि फट हवीच. हीटर कुठलाही असो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

एक उलटा प्रकार लक्षात ठेवा. उष्ण, पावसाळी हवेत बाहेरच्याच हवेत घनमीटरला २३ ग्रॅम वाफ असते. तेव्हा हवा खेळवून आर्द्रतेचा आकडा खाली येणार नाही. खेळवायची ती आतली पातळी बाहेरच्यापेक्षा वर जाऊ नये एवढ्यासाठी. अशा ठिकाणी गादी रोज उभी करून वाळवण्याला पर्याय नाही.

पलंग

गादीखालची ओल ही बहुतेक वेळा गळती नसते. अंगाची वाफ फोममधून खाली झिरपते, गार फळीला भेटते आणि तिथेच थांबते. पूर्ण प्लायवुडच्या पलंगाला मोठी भोकं पाडण्याची पद्धत आहे, पण ५० मिलिमीटरची २० भोकं म्हणजे १२० बाय १९० सेंटीमीटरच्या फळीचा १.७ टक्का भाग. त्याने मनाला बरं वाटतं, गादीला नाही.

पट्ट्यांचा पलंग करा. १८ मिलिमीटर जाड, ६० मिलिमीटर रुंद पाइनच्या पट्ट्या, मध्ये ४० मिलिमीटर फट. १९० सेंटीमीटर लांबीला १९ पट्ट्या लागतात आणि ४० टक्के भाग उघडा राहतो. १२० सेंटीमीटर रुंदीवर त्या मधोमध दबतात, म्हणून मध्ये एक लांब आधार द्या. पट्ट्यांचं वजन १२ किलोच्या आसपास भरतं, १२ मिलिमीटरच्या प्लायवुडची तेवढीच फळी १७ किलोची होते. शाफ्ट आणि डिफरेन्शियलने वजनाची मुभा आधीच खाल्लेली असते, तेव्हा ही बचत नुसती कागदावरची नाही. पट्ट्यांवर काथ्याची चटई किंवा जाळीदार पोकळ थर घाला, १० मिलिमीटर पुरे.

गादी बाजूच्या पत्र्याला टेकू देऊ नका, २० मिलिमीटर अंतर ठेवा. चाकांच्या फुगवट्यांवर ५ मिलिमीटरचा बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम चिकटवा. तिथे पत्रा गार असतो आणि गादीचा कोपरा नेमका तिथेच रुततो. पलंगाखालची पेटी बंदिस्त असेल तर पुढच्या आणि मागच्या फळीत ५ बाय ३० सेंटीमीटरच्या खाचा पाडा. हायब्रिड व्हॅन असेल तर बॅटरीला हवा देणारी जाळी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा, आणि पलंग किंवा सामान तिच्यासमोर येऊ देऊ नका.

आवरण आणि जमीन

बंद पेशींचा फोम पत्र्याला पूर्ण चिकटलेला हवा, मागे हवा नको. काचलोकर ओली झाली की लवकर वाळत नाही. बुडबुड्यांची चंदेरी शीट थेट पत्र्याला चिकटवली तर तिचा फायदा जवळजवळ शून्य, कारण तिला समोर हवेची फट लागते. पत्र्याला आतून आधार देणाऱ्या पोकळ पट्ट्यांत फुगणारा फोम भरू नका: निचरा बंद होतो आणि गंज आतून सुरू होतो. त्यांच्या बाहेरून ३ ते ५ मिलिमीटरची फोम पट्टी लावली की थेंब थांबतात. छताच्या कडेने पडद्याच्या एअरबॅग (अपघातात खिडकीवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) असतील तर तिथे काहीही चिकटवायचं नाही, स्क्रूही नाही.

कंपनीचा गालिचा ठेवून वर फळी टाकणं ही ओल परत येण्याची हमखास वाट. गालिचा वरून कोरडा लागतो, खालचा नमदा महिनाभर ओला राहतो. तो काढा. जमिनीला ६ मिलिमीटरचं प्लायवुड पुरतं, चौरस मीटरला साधारण ४ किलो. सगळ्या कडा आणि कापलेली तोंडं वार्निशच्या तीन हातांनी बंद करा, आणि फळी दोन तुकड्यांत ठेवा, चिकटवू नका. उचलता येणारी जमीन हा या साध्या बांधणीचा खरा फायदा आहे.

न चालणारे उपाय

ओल शोषणाऱ्या पुड्या दोन-तीन आठवड्यांत काहीशे ग्रॅम पाणी घेतात. तुम्ही एका रात्रीत ६४० सोडता. व्हॅन महिनाभर बंद उभी असेल तेव्हा त्या ठीक. सगळ्या काचांना इन्सुलेशनच्या चटया लावल्या की ओल काचेऐवजी दिसत नाही अशा जागी जाते. त्यापेक्षा पुढची एक काच मुद्दाम उघडी सोडा. पाणी तिथे जमतं आणि सकाळी फडक्याने पिळून बाहेर टाकता येतं.

झालेलं नुकसान

बुरशी साबणाच्या पाण्याने पुसा, मास्क लावून. ब्लीच पत्र्याला खातं. प्लायवुड दोन दिवस पंख्यासमोर वाळवा. पिनच्या ओलावामापकावर १८ टक्क्यांच्या खाली आलं की घासून पुन्हा वार्निश. २० च्या वर असताना मारलेलं वार्निश ओल आतच कोंडतं. पत्र्यावरचा गंज चमकदार धातू दिसेपर्यंत घासा, इपॉक्सी प्रायमर, मग रंग, आणि पोकळ्यांत मेणाचा फवारा. मेण मारण्याआधी पोकळी कोरडी असल्याची खात्री करा, आणि निचऱ्याची भोकं मेणाने बुजली नाहीत ना, ते केबल टाय घालून पाहा.

दुरुस्तीनंतर तीन रात्री दोन्ही मापकांचे आकडे झोपताना आणि उठल्यावर लिहून ठेवा. डोक्याशी ७० च्या आत आणि गादीखाली ८० च्या वर आले तर पंखा ठीक आहे, पलंगाखालची हवा कोंडली आहे, खाचा वाढवा. दोन्ही ८० च्या वर असतील तर हवेची वाट बंद आहे, पडद्यापासून सुरुवात करा. आणि आकडे ठीक असूनही एकच कोपरा ओला होत असेल तर पुन्हा नळी आणि टाल्कम पावडर घेऊन बसा.